कैरोच्या बाबुन्नस्र दरवाज्याबाहेरील कबरस्तान

इजिप्तची राजधानी कैरो हिच्या जुन्या उत्तर तटास बाबुन्नस्र, म्हणजे विजयद्वार, या नांवाचा दरवाजा असून त्याच्या बाहेर पसरलेलें कबरस्तान सुमारें नऊशें वर्षांचें जुनें आहे. इब्न खल्दून व तकीउद्दीन मक्रीझी हे अरबी भाषेंतील दोन श्रेष्ठ इतिहासकार याच भूमींत पुरले गेले. पैकीं पहिल्यानें इतिहासाचें शास्त्र सांगितलें व दुसऱ्यानें कैरो शहराचा मोहल्ला न् मोहल्ला कागदावर उतरविला. तथापि या दोघांपैकीं एकाच्याहि कबरीची जागा आज निश्चयानें दाखवितां येत नाहीं. ज्यानें शहरांतील मशिदी, मदरसे, हमामखाने, बाजार व कबरी यांची नोंद करून ठेविली, त्याच्याच कबरीची खूण उरूं नये, ही गोष्ट मनास चटका लावणारी आहे. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें तींत एक प्रश्नहि आहे. शिळा उभी नसतां अमुक पुरुष अमुक ठिकाणीं पुरला गेला असें आपण कशाच्या आधारें म्हणतों, व तो आधार कितपत बळकट असतो? प्रस्तुत लेखांत या कबरस्तानाचा वृत्तांत देऊन त्या अनुषंगानें या प्रश्नाचें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय परदेशचा खरा. पण दख्खनच्या हस्तलिखितांशीं त्याचा धागा कोठें जुळतो, तेंहि पुढें दिसून येईल.

१. दरवाजा

कैरो शहराचा पाया फातिमी खलीफ अल्-मुइज्ज याचा सेनापति जौहर यानें इ. स. ९६९ मध्यें घातला. त्या वेळचा तट कच्च्या विटांचा होता व त्यास बाबुन्नस्र या नांवाचा एक दरवाजा होता. पुढें शंभरावर वर्षांनीं, खलीफ अल्-मुस्तन्सिर याच्या कारकीर्दींत, राज्यांत दुष्काळ व बंडाळी माजली असतां, बद्र अल्-जमाली नांवाच्या आर्मेनियन वंशाच्या सेनापतीस सिरियांतून बोलावून घेण्यांत आलें. तो इ. स. १०७४ च्या आरंभीं कैरोस पोंचला. त्यानें राज्याची घडी बसवून शहराची हद्द बाहेर वाढविली व घडीव दगडाचे नवे दरवाजे उभारले. बाबुन्नस्र व त्याचा शेजारी बाबुल्फुतूह हे हि. स. ४८०, म्हणजे इ. स. १०८७ मधील, दक्षिणेकडील बाब जुवैला हा इ. स. १०९२ मधील. हे तिन्ही आजहि उभे आहेत. बाबुल्फुतूहाचे बुरूज पुढून गोलाकार आहेत, तर बाबुन्नस्राचे चौरस असून त्यांवर ढाली व तरवारी उठावांत कोरलेल्या आहेत. हे दरवाजे एडेसा, म्हणजे अर्-रुहा, येथून आलेल्या तिघां भावांनीं बांधिले, असें मक्रीझी सांगतो.

या दरवाज्यावरील कुफी लिपींतील लेख दोन कारणांनीं लक्षांत घेण्याजोगा आहे. पहिलें कारण नांवाचें. बद्रानें या दरवाज्यास ‘बाबुल्इज्ज’ असें नवें नांव दिलें होतें. परंतु लोकांनीं जुनेंच नांव चालूं ठेविलें व तेंच सर्व ग्रंथांत आलें. आपल्याकडे औरंगजेबानें सिंहगडास बक्षिंदाबक्ष हें नांव दिलें, तें जसें बादशाही कागदाबाहेर टिकलें नाहीं, तसाच हा प्रकार. केवळ शिलालेख हातीं धरणारा मनुष्य ग्रंथांत बाबुल्इज्ज शोधीत बसेल. केवळ ग्रंथ वाचणारा लेखापुढें उभा राहून गोंधळेल. दोन्ही साधनें शेजारीं ठेविल्यावांचून स्थलनिर्णय होत नाहीं.

दुसरें कारण लेखांतील धर्मवाक्याचें. फातिमी हे शिया इस्माइली पंथाचे असल्यामुळें लेखांत कलम्यास जोडून ‘अली हा अल्लाचा वली आहे’ हे शब्द आले आहेत. सलाहुद्दीनानें इ. स. ११७१ मध्यें फातिमी खिलाफत संपुष्टांत आणिली व इजिप्त पुनः सुन्नी सत्तेखालीं आला. पण हे शब्द कोणी खरवडून टाकिले नाहींत. त्यांच्याच खालून पुढें सुन्नी काजी, सूफी व सुलतान शतकानुशतकें ये-जा करीत राहिले. राज्य बदललें कीं जुने लेख नाहींसे होतात, असें सरसकट गृहीत धरूं नये, हें यावरून दिसतें. फ्रेंचांच्या इ. स. १७९८ ते १८०१ च्या ताब्यांत बुरुजांना फ्रेंच अंमलदारांचीं नांवें देण्यांत येऊन तीं दगडांत कोरण्यांत आलीं; तींहि अद्याप वाचतां येतात. एका दरवाज्यावर तीन अमलांचे हात अशा रीतीनें राहून गेले आहेत.

२. कबरस्तानाचा आरंभ

मृतांस गांवकुसाबाहेर पुरण्याची चाल इस्लामी शहरांत सर्वत्र आढळते. म्हणून कबरस्तान व वेस यांचें साहचर्य स्वाभाविक आहे. परंतु कैरोचें जुनें मोठें कबरस्तान उत्तरेस नसून दक्षिणेस, फुस्तात या पहिल्या राजधानीच्या बाजूस होतें. त्यास कराफा म्हणत. बाबुन्नस्राबाहेर आरंभीं मोकळें मैदान होतें व तेथें मुसल्ला, म्हणजे ईदची नमाज पढण्याची जागा, होती. फातिमी खलीफ ईदच्या दिवशीं लवाजम्यासह या दरवाज्यानें बाहेर पडून तेथें जात असत.

येथील पहिली कबर खुद्द बद्र अल्-जमालीची, असें मक्रीझीच्या ‘खितत’ ग्रंथावरून दिसतें. बद्र इ. स. १०९४ मध्यें वारला. ज्यानें दरवाजा बांधिला, त्याच्याच दफनानें दरवाज्याबाहेरील कबरस्तानास आरंभ झाला, व त्यामागून लोक तेथें आपले मृत पुरूं लागले. यावरून कबरस्तानाचा आरंभ कोणत्या काळाच्या अलीकडे धरावा याची मर्यादा ठरते: दरवाज्यावरील लेख इ. स. १०८७ चा व पहिली कबर इ. स. १०९४ ची. शिलालेख व ग्रंथ येथें एकमेकांस पुष्टि देतात.

पुढें मामलूक सुलतानांच्या काळांत या दरवाज्याचें महत्त्व वाढलें. सिरियाकडे जाणारा मार्ग याच बाजूस असल्यामुळें मोहिमेवरून परतलेला सुलतान येथूनच शहरांत शिरे व मुख्य रस्त्यानें बाब जुवैलाकडे जाई. त्याच दरवाज्यानें जनाजे बाहेर जात. बाबुन्नस्राच्या मुसल्ल्यावर जनाज्याची नमाज होत असे. म्हणून साथीच्या दिवसांत किती जनाजे तेथें आले याची मोजदाद केली जाई, व बखरकार शहरांतील मृतांचा अदमास तिच्यावरून करीत. इ. स. १३४८ पासून कैरोंत प्लेगच्या साथी वारंवार आल्या. त्यांचे जे आंकडे अरबी बखरींत आढळतात, ते वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. आंकडा संबंध शहराचा आहे, कीं एका मुसल्ल्यावरील एका दिवसाचा आहे, हें पाहिल्याशिवाय तो पुढें वापरणें धोक्याचें होय.

३. सूफींची कबरभूमि व तेथील विद्वान

चरित्रकोशांत ज्या जागेचा उल्लेख वारंवार येतो, ती ‘बाबुन्नस्राबाहेरील सूफींची कबरभूमि’ होय. सलाहुद्दीनानें हि. स. ५६९, म्हणजे इ. स. ११७३ च्या सुमारास, दरवाज्याच्या आंत फार दूर नव्हे अशा ठिकाणीं सईदुस्सुअदा नांवाची खानका स्थापिली व परमुलखांतून येणाऱ्या सूफींस ती वक्फ करून दिली. तेथील सूफींस पुरण्याची जागा वेशीबाहेर होती. पुढें त्याच रस्त्यावर बैबर्स अल्-जाशनगीर यानें इ. स. १३०७ ते १३१० च्या दरम्यान दुसरी मोठी खानका बांधिली. ती बैबर्सिया या नांवानें प्रसिद्ध आहे.

येथें ‘सूफी’ या शब्दानें वाचकांनीं केवळ फकीर वा साधु समजूं नयेत. त्या काळच्या इजिप्तांत खानकेचा सूफी म्हणजे वक्फाच्या उत्पन्नांतून नेमणूक मिळणारा, तेथील नित्यपाठास हजर राहणारा मनुष्य. अशा नेमणुका वैयाकरण, मुहद्दिस व कायदेपंडित यांसहि मिळत. आपल्याकडे देवस्थानच्या इनामावर वैदिक, शास्त्री व पुराणिक यांचा योगक्षेम चाले, त्याशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे. हा अर्थ ध्यानांत घेतला म्हणजे सूफींच्या कबरभूमींत एवढे ग्रंथकार कां सांपडावे, याचा उलगडा होतो.

ग्रानाडाहून आलेला वैयाकरण अबू हय्यान इ. स. १३४४ मध्यें वारला व येथें पुरला गेला. अरबी व्याकरणावरील ‘मुग्नी अल्-लबीब’ या ग्रंथाचा कर्ता इब्न हिशाम इ. स. १३६० मध्यें येथेंच पुरला गेला. इब्न खल्दून हा ट्युनिस येथें इ. स. १३३२ मध्यें जन्मला, इ. स. १३८३ च्या आरंभीं तो कैरोंत आला, मालिकी पंथाच्या मुख्य काजीच्या जागेवर एकंदर सहा वेळां नेमला गेला, व इ. स. १३८९ मध्यें कांहीं काळ बैबर्सिया खानकेचा शेखहि होता. इ. स. १४०१ मध्यें दमास्कसच्या वेढ्याच्या वेळीं त्याची व तैमूरलंगाची भेट झाली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. हि. स. ८०८ च्या २६ रमजान रोजीं, म्हणजे १७ मार्च १४०६ रोजीं, काजीच्या पदावर असतांनाच तो वारला व सूफींच्या कबरभूमींत त्याचें दफन झालें. त्याचा शिष्य मक्रीझी हि. स. ८४५ मध्यें, इ. स. १४४२ च्या आरंभीं, वारला. त्यास बैबर्सिया खानकेच्या सूफींच्या आवारांत पुरलें, असें सखावी आपल्या ‘दौ अल्-लामि’ या चरित्रकोशांत सांगतो.

या शेवटल्या दोन नोंदींतील शब्दभेद लक्ष देऊन वाचावा. एकीकडे ‘सूफींची कबरभूमि’ असे सामान्य शब्द आहेत. दुसरीकडे एका विशिष्ट खानकेचें आवार सांगितलें आहे. गुरुशिष्यांच्या कबरी शेजारीं शेजारीं होत्या, असें या शब्दांवरून म्हणतां येत नाहीं. दोघे एकाच वेशीबाहेर पुरले गेले एवढेंच निश्चयानें म्हणावें. रम्य कल्पनेच्या मोहानें नोंदीपेक्षां एक पाऊल पुढें टाकणें संशोधकास शोभत नाहीं.

४. दख्खनशीं असलेला धागा

वर इब्न हिशामच्या ‘मुग्नी अल्-लबीब’चा उल्लेख केला. या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्यांत बद्रुद्दीन दमामीनी याचें नांव विख्यात आहे. हा अलेक्झांड्रियाचा राहणारा. कैरोंत इब्न खल्दूनाच्या सहवासांत राहिला व अझहर येथें अरबी व्याकरण शिकवूं लागला. पुढें तो समुद्रमार्गें हिंदुस्थानांत गुजरातेंत आला व तेथें त्यानें ‘तुहफत अल्-गरीब’ नांवाची मुग्नीवरील टीका रचिली. गुजरातेंतून तो बहामनी राज्यांतील गुलबर्ग्यास गेला व हि. स. ८२७, म्हणजे इ. स. १४२४ च्या सुमारास, तेथेंच वारला.

मूळ ग्रंथकार कैरोच्या वेशीबाहेर, त्याचा टीकाकार दख्खनच्या मातींत, व या टीकाकाराचा गुरु पुनः त्याच कैरोच्या वेशीबाहेर, अशी ही परंपरा आहे. यासाठींच दख्खनमधील हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमचें सांगणें आहे कीं, जुन्या मदरशांच्या वा काजी घराण्यांच्या संग्रहांतून अरबी व्याकरणाच्या पोथ्या हातीं आल्या तर ‘व्याकरणांत इतिहास कोठला’ असें म्हणून त्या बाजूस सारूं नयेत. टीकेची प्रशस्ति, लेखकाचें स्थल, नकलेचें साल व वाचकांच्या सह्या यांवरून विद्या कोणत्या बंदरानें आली व कोणत्या दरबारांत स्थिरावली हें कळतें. तें राजकीय बखरींतून क्वचितच कळतें.

५. स्थल व काल यांविषयीं दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना स्थलाची. बाबुन्नस्र हें नांव एकट्या कैरोचें नाहीं. दमास्कसच्या तटासहि बाबुन्नस्र होता. तो एकोणिसाव्या शतकांत पाडला गेला. अलेप्पोसहि त्याच नांवाचा दरवाजा आहे. इतकेंच नव्हे तर दमास्कस शहराबाहेरहि ‘सूफींची कबरभूमि’ होती, इ. स. १३२८ मध्यें वारलेला इब्न तैमिया व इ. स. १३७३ मध्यें वारलेला इब्न कसीर हे तेथें पुरले गेले. तेव्हां एखाद्या चरित्रांत ‘बाबुन्नस्राबाहेर, सूफींच्या भूमींत’ एवढेच शब्द आढळले तर शहराचा निर्णय त्यांवरून होत नाहीं. मृत मनुष्य शेवटीं कोणत्या शहरांत राहत होता, कोणत्या पदावर होता, जनाज्याची नमाज कोणत्या मशिदींत झाली, व नोंद करणारा ग्रंथकार कोणत्या शहरचा, हीं चार अंगें तपासावीं. मग शहर ठरवावें.

दुसरी सूचना कालाची. मराठी दफ्तरांत वावरणाऱ्यांस शुहूर सनाची संवय असते. हा सन सौरमानाचा असून त्यांत ५९९ वा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. हिजरी सन चांद्रमानाचा व सौर वर्षापेक्षां सुमारें अकरा दिवसांनीं लहान. म्हणून त्यास अशी कायमची बेरीज लागू पडत नाहीं. इब्न खल्दूनाच्या मृत्यूचें हि. स. ८०८ हें साल कोणी शुहूर समजून चालला तर त्यास इ. स. १४०७-०८ मिळेल, कोणी सरळ ६२२ मिळविले तर १४३० मिळेल, खरें साल मात्र १४०६ आहे. पहिली चूक लहान असल्यामुळें अधिक फसवी, कारण ती चटकन् डोळ्यांत भरत नाहीं. म्हणून महिना व तारीख यांसह जंत्रीवरून ताळा घेणें हाच राजमार्ग होय.

६. उरलेली कबर व उरलेले कागद

ज्यांची जागा अद्याप दाखवितां येते अशा कबरींपैकीं एक परदेशी प्रवाशाची आहे. स्वित्झर्लंडांतील लोझान येथें इ. स. १७८४ मध्यें जन्मलेला योहान लुडविग बुर्कहार्ट हा ‘शेख इब्राहीम’ या नांवानें अरब देशांतून हिंडला. पेत्रा या प्राचीन नगराची वार्ता त्यानें इ. स. १८१२ मध्यें युरोपीय जगास प्रथम दिली व पुढल्या वर्षीं अबू सिंबल येथील देवालय पाहिलें. आफ्रिकेच्या अंतर्भागांत जाणाऱ्या काफल्याची वाट पाहत असतां १५ आक्टोबर १८१७ रोजीं तो कैरोंत वारला. मुसलमानी विधीनें त्याचें दफन बाबुन्नस्राबाहेर झालें. त्यानें जमविलेलीं अरबी हस्तलिखितें त्याच्या मृत्युपत्रान्वयें केंब्रिज विद्यापीठास मिळालीं व तीं तेथें सुरक्षित आहेत.

इब्न खल्दून व मक्रीझी यांच्या कबरी गेल्या, पण त्यांचे हस्ताक्षर उरलें. इब्न खल्दूनानें आपल्या ‘किताब अल्-इबर’ या इतिहासाची एक प्रत फेझ येथील करवीयीन मशिदीस वक्फ केली होती. तिच्या वक्फनोंदीवर त्याची स्वतःची सही आहे. ‘मुकद्दमा’ची त्याच्या हातची नोंद असलेली एक प्रत इस्तंबूल येथील आतिफ एफेंदी ग्रंथालयांत आहे. मक्रीझीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. बेल्जममधील लीज विद्यापीठाच्या संग्रहांतील एक हस्तलिखित हें मक्रीझीच्या स्वहस्ताक्षरांतील टांचणवही आहे, असें फ्रेदेरिक बोदें या संशोधकानें इ. स. १९९७ मध्यें ओळखलें. मक्रीझी टांचणासाठीं मामलूक दरबाराच्या कचेरींतील टाकाऊ फर्मानांचे तुकडे वापरीत असे, हेंहि बोदें यांच्या संशोधनानें उघड झालें. मूळ फर्मानें नष्ट झालीं. त्यांचे अंश एका इतिहासकाराच्या काटकसरीमुळें टांचणांच्या कागदांत जिवंत राहिले. कागदाची पाठ पाहिल्यावांचून तो खालीं ठेवूं नये, हा धडा दप्तरें चाळणाऱ्या प्रत्येकानें घ्यावा असा आहे.

७. उपसंहार

बाबुन्नस्राबाहेरील कबरस्तान अद्यापहि वापरांत आहे, व कबरींच्या आवारांत राहणारीं कुटुंबेंहि तेथें आहेत. ऐतिहासिक कैरो शहराचा समावेश जागतिक वारशांत इ. स. १९७९ मध्यें झाला. तरीहि इ. स. २०२० पासून कैरोच्या पूर्वेकडील व दक्षिणेकडील कबरस्तानांतून रस्ते काढतांना कित्येक जुन्या कबरी मोडल्या वा हलविल्या गेल्या. वाढत्या शहरास रस्ते लागतात, व जिवंतांच्या गरजा अमान्य करून चालत नाहीं. परंतु शिळा हलविण्यापूर्वीं तिचा ठसा, माप व जागा यांची नोंद झाली तर इतिहासाची हानि पुष्कळ कमी होते. ती न झाली तर पुढील पिढीस सखावीसारख्या कोशकाराच्या एका ओळीवरच विसंबावें लागतें, आणि प्रत्येक मृतास असा कोशकार लाभत नाहीं.

आपल्याकडेहि जुन्या शहरांच्या वेशींबाहेर अशीं कबरस्तानें आहेत, आणि त्यांवरील फारसी व अरबी लेख ऊनपावसानें झिजत आहेत. ज्या वाचकांस ती लिपि येते त्यांनीं आपल्या गांवच्या लेखांच्या नकला तारीखवार कराव्या. ज्यांस येत नाहीं त्यांनीं ठसे घ्यावे, व शिळा वेशीपासून कोणत्या दिशेस किती अंतरावर आहे हें टिपून ठेवावें. ज्यांच्या घरीं काजी, खतीब वा मुतवल्ली यांच्या सनदा आहेत, त्यांनीं त्यांतील कबरस्तानाच्या हद्दी या नोंदींशीं ताडून पाहाव्या. शिळा, ग्रंथ व दप्तर यांपैकीं एक जरी उरलें तरी दुसऱ्याचा माग लागतो. तिन्ही गेलीं म्हणजे मग कोणाचाच इलाज चालत नाहीं. मक्रीझीनें आपल्या शहरासाठीं जें केलें, तें आपापल्या गांवापुरतें करणें आपल्यापैकीं पुष्कळांच्या आटोक्यांत आहे, आणि त्यास विलंब लागूं नये, एवढीच विनंति करून हा लेख आम्ही येथें पुरा करितों.